पलीकडचं टोक

"चिरंजीव आज फारच अडून बसलेत," आबा म्हणाले.

चिरंजीव म्हणजे एक फळी होती. जुन्या दाराची, खाली दोन गुळगुळीत बांबू ठोकलेली आणि वर पाच दगड रचलेली. घरामागच्या लांबलचक वाटेच्या पलीकडच्या टोकाला ती मातीत बसली होती आणि तिच्या आकड्याला तीन पेड अडकवलेले होते. अलीकडच्या टोकाला झाडाखाली सून चाक फिरवत होती. तीन खाचांचा लाकडी गट्टू पेडांमध्ये धरून आबा पावलापावलाने तिच्याकडे येत होते. गट्टूच्या पुढे तीन पेड सुटे होते आणि मागे त्यांचा एक दोर होत होता.

पीळ चढला की दोर आखडतो. आखडला की पलीकडे जे काही असेल ते अलीकडे ओढलं जातं. माणूस असला तर तो अंग मागे टाकतो, टाचा रोवतो आणि दोर मागेल तेवढंच सोडत पुढे सरकतो. चाकावरच्या हाताला ते कळतं. फळीला एवढी अक्कल कुठून असणार? ती आधी हलायचीच नाही, आणि दोर तुटायला आला की एकदम हातभर उडी घ्यायची. मग तेवढ्या जागेत पीळ सैल पडायचा आणि दोराला सूज आल्यासारखा फुगवटा यायचा.

आताही तसंच झालं. फळी खर्रकन पुढे आली, वरचा दगड गडगडत खाली पडला.

"चिंजी पल्ला!" छकुली ओरडली आणि टाळ्या पिटू लागली.

छकुली अडीच वर्षांची. तिच्या कमरेला मऊ दोरी बांधून दुसरं टोक सुनेने झाडाच्या मुळाला बांधलं होतं. चाकाचे तीन आकडे गरगर फिरताना पोरीने हात घातला तर, हा विचार तिच्या डोक्यातून दिवसातून दहा वेळा जायचा. दोरी तिने दोनदा मोजली होती. तरी चाक फिरवताना एक डोळा पेडांवर आणि एक पोरीवर असायचा, आणि संध्याकाळी तिचं डोकं ठणकायचं.

"आला का फुगवटा?" तिने विचारलं.

आबांनी दोरावरून बोटं फिरवली. "आला. गाभण राहिलाय."

ती चाक सोडून खाली बसली. तळहात पाहिले. घायपाताच्या पानांतून निघणाऱ्या वाखाच्या धाग्यांनी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली होती. यंदा ऊन असं होतं की वाख सकाळी भिजवला तरी घटकाभरात वाळून कुरकुरीत व्हायचा, वळताना त्याची कुसळं उडायची. पाणी शिंपडायचं तर विहिरीत बादली बुडत नव्हती, आडवी करून भरावी लागत होती. गेल्या बाजारातून चार दोर परत आले होते. दुकानदाराने सगळ्यांसमोर दोर हातात धरून त्याचे फुगवटे मोजून दाखवले होते. शेजारी प्लॅस्टिकच्या निळ्या दोरांची वेटोळी होती, एकसारखी, चकचकीत. तिने आपले चार दोर खांद्यावर टाकले होते.

पलीकडच्या टोकाला माणूस नव्हता, एवढंच सगळ्याचं मूळ होतं. तो माणूस आठ महिन्यांपूर्वी शहरात गेला होता. गोदामात माल चढवायचा, उतरवायचा. जाताना त्याने कमरेचा पट्टा खुंटीला अडकवला होता. चामड्याचा रुंद पट्टा, मागे पोत्याची घडी शिवलेली, पुढे लोखंडी आकडा. पेड या आकड्याला लावून तो पलीकडे उभा राहायचा. जाताना तो म्हणाला होता, "सरकारी मशीन मंजूर झालं की दुसऱ्या दिवशी येतो बघ. हाताने काय होतंय आता? मशीन येऊ दे, मग आपण दोघं मिळून करू."

अर्ज त्यानेच भरला होता. तो गेल्यावर ती दर आठवड्याला पट्ट्याला तेल लावत असे. वापर नसला की चामडं कडक होतं आणि तडकतं. आबा नुसते बघायचे. पट्टा खुंटीवर लोंबत असला तरी माणसाच्या कमरेचा बाक त्यात तसाच होता.

* * *

दुपारी चक्कीवाली आली. तिला पिठाची गिरणी याच सरकारी योजनेतून मिळाली होती, त्यामुळे ग्रामोद्योग कार्यालयातला माणूस शिंकला तरी तिला कळायचं. पापण्यांवर पीठ, नाकावर पीठ.

"अगं ए, आहेस का? यादीत नाव लागलंय तुझ्या नवऱ्याचं!"

सुनेच्या हातातला तांब्या हातातच राहिला. "खरंच, काकू?"

"खोटं बोलायला मला काय दळण कमी आहे? परवा पडताळणीला साहेब येतोय. बघणार, तपासणार, काम करून दाखवायला लावणार. आणि ऐक, अर्जदार समोर पाहिजे. बोलावून घे त्याला."

तिने लगेच फोन लावला. पलीकडे कुणीतरी ओरडत होतं, काहीतरी जड आपटत होतं.

"परवा?" तो म्हणाला. "अगं, परवा कसं जमेल? मी नवीन माणूस. सुट्टी मागितली तर माझ्या जागी दुसरा दारात उभाच असतो."

"पण अर्ज तुमच्या नावाचा आहे."

"तू आहेस ना? तुला सगळं येतं. बोल त्यांच्याशी. शिकलेली आहेस." मग हळूच, "छकुली काय करतेय?"

"दोर चघळतेय."

तो हसला. तिला ते हसू पुरं ऐकायचं होतं, पण मध्येच कुणीतरी त्याला हाक मारली.

चक्कीवाली दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. "नाही येत ना? तरी मी म्हणत होते. शहराचं पाणी पायांना लागलं की पाय जड होतात बाई."

"त्यांना सुट्टी नाही, काकू."

"हो, हो. माझ्या नवऱ्यालाही बारा वर्षं सुट्टी नव्हती. मेल्यावर मिळाली." ती स्वतःच हसली आणि मग सुनेचं तोंड बघून हसणं आवरलं. "मी येईन परवा. तोंडाला तोंड असलेलं बरं."

* * *

पडताळणीवाला साहेब तरुण होता. हेल्मेट काढलं तेव्हा कपाळावर लाल वळ उमटला होता. सुनेने त्याला पाणी दिलं. त्याने अर्धं प्यायलं आणि अर्ध्याने रुमाल भिजवून मानेवर ठेवला. बादलीच्या तळाचं पाणी होतं ते. तिने फक्त पाहिलं.

"अर्जदार कुठेत?"

"कामाला बाहेर गेलेत."

"बाहेर म्हणजे कुठे? येतील ना इतक्यात?"

"शहरात असतात."

साहेबाचं पेन कागदाच्या तळाशी गेलं. तिथे दोन चौकोन होते. त्यातल्या एकात तो खूण करणार, एवढ्यात ती म्हणाली, "साहेब, काम बघून तर घ्या. काम इथेच चालतं. बंद नाही पडलेलं."

"ताई, अर्जदार हजर नसेल तर मला अनुपस्थित लिहावं लागतं."

"लिहा ना. पण बघून लिहा."

आबा मध्ये पडले. "ऊन उतरेपर्यंत बसणारच आहात सावलीत. बसल्या जागी बघून घ्या. आमचं काही जात नाही."

तिने पेड आधीच वळून ठेवले होते. आज फळीने दगा दिला तर संपलं. तिने वाटेवर पाणी शिंपडून माती दाबली होती, बांबूंना खालून तेल लावलं होतं. तरी चाकाचा दांडा धरण्याआधी तिने तळहात दोनदा पदराला पुसले. आबांनी गट्टू लावला. तिने चाक फिरवलं. पेड ताणले, गुणगुणू लागले. फळी हलेना.

"अडतंय," आबा तोंडातल्या तोंडात म्हणाले.

तेव्हा सावलीत बसलेली चक्कीवाली उठली. कुणी काही म्हणायच्या आत वाटेच्या टोकाला गेली, फळीवरचे दगड पायाने ढकलून दिले आणि स्वतः वर उभी राहिली.

"फिरव गं!"

ती होती वजनदार, पण जिवंत होती. फळी अडली की गुडघ्यात वाकायची, सुटायला लागली की मागे रेलायची. दोर तिला ओढत आणू लागला. पदर खोचलेला, पिठाने पांढरे झालेले हात दोन्ही बाजूंना पसरलेले, आणि तोंडाने, "हळू, मेले! पाडतेस काय? अगं हळू!" छकुली मुळापाशी उड्या मारत होती. साहेब इतका हसला की त्याचा रुमाल पडला. सुनेच्या कानशिलांना चटके बसत होते. तिने मान वर केली नाही, हाताचा वेग तेवढाच ठेवला. दोर एकसारखा उतरला. एकही फुगवटा नव्हता.

साहेबाने दोर हातात घेऊन वाकवला, दातांनी धरून बघितला. "चांगला आहे. या बाई तुमच्या कारागीर का?"

"मी?" चक्कीवाली धापा टाकत म्हणाली. "मी दळण दळते. ही पोरगी वळते सगळं."

साहेबाने पेन टोपणात घातलं, पुन्हा काढलं. पिशवीतून निराळ्या रंगाचा एक कागद काढला.

"ताई, असं करू. तुमच्या नवऱ्याचा अर्ज गैरहजर म्हणून गेला तर पुन्हा वर्षभर बसा. त्यापेक्षा ही एकट्या महिला कारागिरांची यादी आहे. यात जागा शिल्लक आहेत, मंजुरी महिनाभरात होते. फक्त इथे लिहून द्यायचं."

तिने मोठ्याने वाचलं. बारीक अक्षर होतं. *मी हा व्यवसाय एकटी करते. घरात या व्यवसायात काम करणारी दुसरी व्यक्ती नाही.* खाली काम करणाऱ्यांची संख्या, आणि पुढे रेघ.

"आणि मी?" तिने वाचलेलं ऐकून आबा म्हणाले.

"आजोबा, साठीच्या वरचे यात धरत नाहीत."

"धरत नाहीत? मग आत्ता गट्टू कोण धरत होतं?"

"तसं नाही हो. कागदावर नाही धरत."

तिने पेन घेतलं. संख्येपुढे काय लिहायचं ते साहेबाने सांगितलं नाही, पण त्याचं बोट तिथे होतं. एक लिहिलं की मशीन येणार. मशीन आलं की तो येणार. त्याने तसं म्हटलं होतं, दारात उभं राहून, पोरीला कडेवर घेऊन. मग कागदावर काय आहे ते कोण बघत बसलंय?

तिने एक लिहिलं आणि सही केली. सही नेहमीपेक्षा लहान आली.

* * *

महिन्याचे दोन महिने झाले. त्या दोन महिन्यांत तिने घरामागची वाट दोनदा झाडली. खडे वेचले, कडेचं गवत काढलं. मशीन केवढं असेल ते माहीत नव्हतं, पण ती मनात जागा करत होती. अलीकडे मोटर बसेल. मग चाक फिरवायला नको, पेडांवर लक्ष ठेवायला ती मोकळी होईल. पलीकडे तो असेलच. आबांनी सावलीत बसावं, हवं तर छकुलीला सांभाळावं. संध्याकाळी काम संपलं की तो वाटेवरून अलीकडे येईल, पट्टा सोडेल, आणि पट्ट्याखालची घामाने भिजलेली सदऱ्याची पट्टी तिला दिसेल. एवढंच तिला पुनःपुन्हा दिसायचं. आणखी काही मागावं असं तिच्या मनात येत नसे.

पट्ट्याच्या मागची पोत्याची घडी विरली होती. तिने ती उसवून नवी शिवली, एक पदर जास्त घालून.

फोनवर ती सांगायची, "मंजूर झालंय. आता निघेल तिकडून."

"येऊ दे तर," तो म्हणायचा. आवाज थकलेला असायचा. "सरकारी आहे. येईल तेव्हा खरं."

मशीन आलं ते टेंपोतून, पुठ्ठ्याच्या खोक्यात. खोकं ड्रायव्हरने आणि सोबत आलेल्या मेकॅनिकने उचलून ओसरीवर ठेवलं. सून टेंपोकडे बघत राहिली.

"बाकीचं?" तिने विचारलं.

"बाकीचं काय?" मेकॅनिक म्हणाला.

"म्हणजे अजून असेल ना काही."

"एवढंच ताई. एकट्या माणसाचं आहे हे."

त्याने ते कोपऱ्यात बसवलं. शिलाई मशीनपेक्षा थोडं मोठं, हिरवा रंग, बाजूला कार्यालयाचं नाव छापलेली पट्टी. तारा जोडल्या, बटण दाबलं. एका बाजूने वाख भरायचा. आत तीन नळ्या गरगर फिरत होत्या. दुसऱ्या बाजूने दोर निघत होता आणि निघाला तसा गुंडाळला जात होता. आबा डोळे बारीक करून बघत होते. एकसारखा, बारीक पिळाचा, फुगवटा म्हणून नाही.

"आणि पलीकडे कोण धरतं?" तिने विचारलं. मोटरच्या आवाजात तिला दोनदा विचारावं लागलं.

"पलीकडे?" मेकॅनिकने मशीनच्या मागे वाकून बघितलं, काही राहिलंय की काय म्हणून. "पलीकडे काही नाही ताई. पलीकडे रीळ आहे."

* * *

तो दोन दिवसांची सुट्टी काढून आला. छकुली आईच्या मागे लपली आणि मांडीआडून बघत राहिली. "अगं, बाबा आहेत," सून म्हणाली. छकुलीने घरामागे बोट दाखवलं. "चिंजी तिथे."

"चिंजी कोण?" त्याने विचारलं.

"तुझ्या जागी लावलेली फळी," आबा म्हणाले. "तुझ्यापेक्षा जास्त ऐकणारी नाही, पण जागा सोडत नाही."

तो हसला, पण त्याचं लक्ष कोपऱ्यात गेलं होतं. ती मशीनवर बसली. वाख भरला, बटण दाबलं, आणि हातभर, दोन हात, वीस हात दोर रिळावर चढला. तो आधी समोर उभा राहिला, मग मागे गेला, मग पुन्हा समोर आला. हात कुठे ठेवावे हे त्याला कळेना. शेवटी त्याने ते कमरेवर ठेवले, पट्टा जिथे असतो तिथे.

"झकास आहे," तो म्हणाला. "एकटीला झेपतंय."

"झेपतंय."

"दिवसाला किती निघतो?"

"आपण तिघं मिळून चार दिवसांत काढायचो तेवढा."

त्याने मान हलवली. पुन्हा हलवली.

जेवताना छकुली त्याच्या मांडीवर येऊन बसली होती. आबा लवकर उठले. सुनेने त्याच्या ताटात वाढलं आणि वाढता वाढता म्हणाली, "मग आता कधी येणार?"

"कुठे?"

"इथे. कायमचं. मशीन आलं की येतो म्हणाला होतात."

त्याने हातातला घास ताटात ठेवला. "म्हणालो होतो. मला वाटलं होतं, मोठं असेल. दोघांचं. तिथे आता मला कायम करतो म्हणतायत. इथे येऊन काय करू? तुझ्या मागे उभा राहून बटणाकडे बघत बसू?"

"वाख आणायचा असतो. बाजारात न्यायचं असतं."

"ते आबा करतात ना? जमतंय की तुमचं."

ती ताटाकडे बघत म्हणाली, "मीच लिहून दिलं होतं. एकटी करते, दुसरं कुणी नाही म्हणून. ते म्हणाले लवकर मिळेल. म्हणून एकटीचं आलं. दोन लिहिलं असतं तर..."

"तर मिळालंच नसतं." त्याने छकुलीच्या तोंडाला लागलेलं शीत पुसलं. "आणि खोटं कुठे लिहिलंस तू?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बोलता आलं असतं.

* * *

सकाळी नाववाला आला. नदीच्या दोन काठांना बांधलेला त्याचा दोर झिजला होता, त्याच दोराला धरून तो नाव या काठावरून त्या काठावर ओढायचा. त्याला मनगटाएवढा जाड दोर हवा होता. तो मशीनजवळ वाकून म्हणाला, "काढा की यातून."

"यातून अंगठ्यापेक्षा जाड नाही निघत," सून म्हणाली.

"मग सरकारला सांगा, नदी अंगठ्याएवढी कर म्हणून!"

नाववाला आपल्याच विनोदावर हसला. नवरा मात्र हसला नाही. तो खुंटीकडे बघत होता.

"गाडी दुपारची आहे," तो म्हणाला. "पेड वळलेले आहेत का?"

"पाण्यात आहेत. काल घातले मी."

कशाला घातले ते त्याने विचारलं नाही. पट्टा काढला, कमरेला लावला. पट्टा एक भोक आत गेला. तो बारीक झाला होता. मागची नवी घडी त्याच्या हाताला लागली, त्याने ती बोटांनी चाचपली आणि तिच्याकडे बघितलं. ती चाकाच्या आकड्यांना तेल देत होती.

तो पेड घेऊन मागे मागे चालत गेला. मागे न बघता, पाठीने वाट ओळखत. दहा-अकरा महिन्यांत पाय विसरले नव्हते. जिथे वाट किंचित डावीकडे वळते तिथे तो वळला. फळीशी पोचल्यावर पायाने तिला बाजूला सारलं आणि उभा राहिला. एवढ्या लांबून त्याचा चेहरा दिसत नव्हता. नुसता उभा राहण्याचा डौल दिसत होता.

त्याने हात वर केला. तिने चाक फिरवलं.

जाड पेड होते, दांडा दोन्ही हातांनी ओढावा लागत होता. पहिल्या वीस फेऱ्यांत नुसता ताण. मग दोर आखडू लागला. तिला तो हातात जाणवला. फळीचं अडणं नाही, झेपावणं नाही. कुणीतरी मागे रेलून, तोलून, थोडं थोडं सोडतंय. दोर मागतोय आणि कुणीतरी देतंय. आबा गट्टू घेऊन पुढे येत होते आणि आज त्यांच्या तोंडात विनोद नव्हता.

तो एक पाऊल आला. टाचा रोवल्या, माती दोन्ही बाजूंना उकरली गेली. आणखी एक पाऊल. आता सदरा दिसू लागला. मग मान, मग मानेवरची शीर. तिच्या दंडात गोळे आले होते, घाम डोळ्यांत जात होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. आबा गट्टू घेऊन चाकाशी पोचले, गट्टू काढून बाजूला झाले. दोर पुरा झाला होता. आता वरून पक्का पीळ द्यायचा आणि पलीकडच्याने "बास" म्हटलं की थांबायचं. बास नेहमी पलीकडचा म्हणतो. पीळ पुरेसा झाला की नाही ते कमरेला कळतं, हाताला तितकं नाही.

ती फिरवत राहिली. तो येत राहिला. टाचांचे दोन चर त्याच्याबरोबर पुढे येत होते.

त्याने बास म्हटलं नाही.

तिच्या हाताला कळलं होतं की पुरे आहे. दोर दगडासारखा कडक झाला होता, आणखी फिरवला तर गाठी उठल्या असत्या. तरी तिने आणखी एक फेरी दिली. त्याने आणखी एक पाऊल टाकलं. आता त्याच्या वरच्या ओठावरचा घाम दिसत होता. तो तिच्याकडे सरळ बघत होता.

"बास, पोरांनो," आबा बाजूने म्हणाले. "तुटेल."

तिने दांडा अडवला.

तरीही मध्ये बरंच अंतर उरलं होतं. दोराची लांबी जेवढी असते तेवढं उरतंच.

* * *

तो दुपारी गेला. बाहेरच्या रस्त्याने, पिशवी खांद्याला लावून. छकुलीने त्याला हात केला आणि लगेच दुसरं काहीतरी करू लागली. पट्टा त्याने खुंटीला अडकवला होता. सुनेने हात लावून बघितलं, घडी ओली होती.

चार दिवसांनी पडताळणीवाला साहेब पुन्हा आला. आता यंत्र बसल्याचा कागद भरायचा होता, फोटो काढायचा होता. चक्कीवालीही आली होती. तिचा डोळा घरामागच्या वाटेवर होता.

"आता तुला एवढी जागा कशाला लागते गं? मला पोती ठेवायला दे. मशीनला काय, कोपरा पुरतो."

सून मशीनवरची धूळ पुसत राहिली.

साहेब लिहीत होता. "सध्या काम करणाऱ्यांची संख्या?"

"दोन लिहा," ती म्हणाली.

त्याने मान वर केली. "आधीच्या कागदावर तुम्ही एक लिहिलंय."

"तेव्हा चुकलं."

"दुसरं कोण?" तो इकडे तिकडे बघू लागला. "कुठे आहे?"

तिने उघड्या दारातून घरामागे बघितलं. वाट रिकामी होती. साहेबानेही बघितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याने समजावणीच्या सुरात सांगितलं, "ताई, दोन्ही कागद जुळायला लागतात. नाही जुळले तर यंत्र परत जातं. एकच ठेवतो हं."

त्याने एक लिहिलं. तिने सही केली. मग तो म्हणाला, "मशीनजवळ उभ्या राहा. नाही, आजोबा, तुम्ही जरा बाजूला. मुलीलाही घ्या बाजूला. एकट्याच पाहिजेत." तिने पदर नीट केला आणि हिरव्या मशीनवर हात ठेवून उभी राहिली. फोटो निघाला.

सगळे गेल्यावर तिने झाडू घेतला आणि मागे गेली. वाटेवर पाचोळा पडला होता. पलीकडच्या टोकापासून चाकाकडे येणारे टाचांचे दोन चर अजून तसेच होते, कडा वाळून घट्ट झालेल्या. अलीकडे येणारेच होते. परत जाणारं काही वाटेवर उमटलं नव्हतं. तो गेला होता बाहेरच्या रस्त्याने. छकुली एका चरात पाय घालून चालत होती, एकापुढे एक, दोन्ही हात पसरून.

तिने कडेकडेने झाडलं. चराजवळ आली की झाडू उचलायची आणि पलीकडे टेकवायची.

आबा फळीपाशी उभे होते. पाच दगड त्यांनी वेचून आणले होते. "चक्कीवालीला काय सांगू? आणि चिरंजीवांना पुन्हा जागेवर लावू का? जाड दोराची मागणी आली तर लागतील."

"काकूंना नाही म्हणून सांगा."

"आणि हे?"

तिने फळी एका बाजूने उचलली, ओढत नेऊन भिंतीला टेकवून ठेवली. हात झटकले.

"ते टोक मोकळंच असू दे, आबा," ती म्हणाली, आणि पट्ट्याला लावायचं तेल आणायला आत गेली.